कागदपत्रांसह मिळणारी छायाचित्रे : वर्गाध्यापनासाठी ‘विकिमीडिया कॉमन्स’

शाळेत प्रोजेक्टर किंवा इंटरॲक्टिव्ह पॅनेल बसले की पाठाची तयारी करणाऱ्या शिक्षकापुढे सर्वांत आधी उभा राहतो तो चित्रांचा प्रश्न. पाठ्यपुस्तकातील चित्र अंगठ्याएवढे असते आणि ते पडद्यावर मोठे केले की फाटते. मग बहुतेक जण शोधयंत्राकडे वळतात. तेथे ‘राजगड’ असे टाकल्याबरोबर पडदाभर चित्रे येतात, परंतु त्यांतील कोणते राजगडाचे, कोणते रायगडाचे आणि कोणते संगणकाने कल्पनेने रचलेले, हे ज्याने गड पाहिला आहे त्यालाच कळते. चौथीच्या वर्गाला ‘ही संजीवनी माची’ असे सांगून भलत्याच गडाचा बुरूज दाखवायचा नसेल, तर चित्राइतकेच त्याचे मूळही ठाऊक असावे लागते. याच कारणासाठी मी अनेक संकेतस्थळे पडताळून पाहिल्यावर ‘विकिमीडिया कॉमन्स’ या छायाचित्रभांडारावर स्थिरावलो असून, त्याचे गुण आणि उणिवा दोन्ही येथे मांडत आहे.

सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झालेले हे भांडार विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचेच आहे आणि त्यातील फायलींची संख्या आता दहा कोटींच्या पुढे गेली आहे. ते वापरण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत, खाते उघडावे लागत नाही आणि चित्रावर सहसा कोणाचाही शिक्का आडवा छापलेला नसतो. तथापि, मला सर्वांत मोलाचे वाटते ते प्रत्येक चित्राचे स्वतंत्र पान. छायाचित्र कोणी काढले, केव्हा काढले, कोठून काढले आणि कोणत्या परवान्याखाली वापरता येते, याच्या नोंदी त्या पानावर असतात. अनेक चित्रांसोबत अक्षांश-रेखांशही असतात आणि त्यांवर टिचकी मारली की छायाचित्रकार नेमका कोठे उभा होता ते नकाशावर दिसते. भूगोलाच्या तासाला ही सोय छायाचित्राइतकीच कामाला येते. पिक्साबे, अनस्प्लॅश यांसारख्या स्थळांवरील चित्रे दिसायला अधिक देखणी असतात हे मान्य करावे लागेल, पण ‘भारतीय खेडे’ एवढ्याच मथळ्याचे चित्र भाषणाच्या पार्श्वभूमीला शोभते, परिसर अभ्यासाच्या पाठाला त्याचा उपयोग नाही.

इतिहासासाठी हे भांडार विशेष समृद्ध आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील आणि एक तमिळनाडूतील जिंजी. या बाराही किल्ल्यांवर एक पाठ बांधायचा तर रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग यांची छायाचित्रे निवडून घ्यावी इतकी आहेत, मात्र खांदेरीसारख्या सहज न जाता येणाऱ्या जलदुर्गाच्या बाबतीत मिळेल त्यावर भागवावे लागते. वारसास्थळांच्या छायाचित्रांची जी स्पर्धा २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि पुढे भारतासह अनेक देशांत पसरली, तिच्यामुळे लेणी, मंदिरे आणि वाडे यांच्या संग्रहात मोठी भर पडली आहे. याखेरीज जगातील मोठ्या संग्रहालयांनी खुली केलेली चित्रेही येथे सापडतात. ब्रिटिश म्युझियममधील शिवाजी महाराजांचे सतराव्या शतकाच्या अखेरचे दख्खनी शैलीतील चित्र विद्यार्थ्यांना दाखवले आणि आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातील चित्राशी त्याची तुलना करायला सांगितले, तर ‘इतिहासाची साधने’ हा एरवी कंटाळवाणा वाटणारा घटक आपोआप बोलका होतो.

विज्ञानाच्या शिक्षकांनी छायाचित्रांपेक्षा आकृत्यांकडे अधिक लक्ष द्यावे. प्राणीपेशी, वनस्पतीपेशी, मानवी हृदय, जलचक्र यांच्या अनेक आकृत्या ‘एसव्हीजी’ प्रकारात आहेत. म्हणजे त्या कितीही मोठ्या केल्या तरी धूसर होत नाहीत आणि ‘इंकस्केप’ या विनामूल्य प्रणालीत उघडून त्यांवरील इंग्रजी नावे पुसता येतात. त्या जागी केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका किंवा कर्णिका आणि जवनिका अशी आपल्या पुस्तकातील नावे घालायला पहिल्या आकृतीला वेळ लागतो, पण हात बसला की काम झपाट्याने होते. नावे पूर्ण पुसून तीच आकृती चाचणीसाठी छापता येते, हा आणखी एक फायदा. नासाची बहुतांश छायाचित्रे स्वामित्वमुक्त असल्याने तीही येथे मोठ्या प्रमाणात आहेत. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हाची उपग्रहछायाचित्रे नासाने प्रसिद्ध केली होती. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर अवकाशातून पाहिल्यावर त्याचा गोल आकार मुलांना जसा उमगतो, तसा काठावरून काढलेल्या छायाचित्रात उमगत नाही.

आता उणिवांकडे वळतो, कारण मराठी माध्यमाच्या शिक्षकाला त्या पहिल्याच दिवशी भेटतात. या भांडारातील वर्गवारी जवळजवळ संपूर्णपणे इंग्रजीत आहे आणि वनस्पती-प्राण्यांची वर्गवारी शास्त्रीय नावांनी केलेली आहे. शोधपेटीत ‘वड’ किंवा ‘कारवी’ असे लिहिले तर काही चित्रे येतात, पण शास्त्रीय नाव घातल्यावर जो खजिना उघडतो त्याच्या तुलनेत ती नगण्य असतात. यावर मला उपयोगी पडलेला मार्ग असा : आधी मराठी विकिपीडियावर त्या विषयाचा लेख उघडावा आणि तेथील इतर प्रकल्पांच्या दुव्यांतून कॉमन्सच्या वर्गात जावे, दुवा नसेल तर त्याच विषयाचा इंग्रजी लेख उघडून तेथून जावे. ही युक्ती झाडांना, गडांना आणि व्यक्तींना लागू पडते. पाभर, मोट, जाते, उखळ यांसारख्या आपल्या घराशेतातील वस्तूंसाठी मात्र ती बऱ्याचदा निकामी ठरते, कारण छायाचित्र असले तरी त्याला मराठी नाव देणारे कोणी नसते. परिसर अभ्यासाला नेमक्या याच वस्तू हव्या असतात, त्यामुळे ही त्रुटी मला सर्वांत जास्त खटकते.

नकाशांबाबत तर सक्त सावधगिरी हवी. कॉमन्स हे जागतिक भांडार असल्यामुळे तेथील अनेक नकाशांत जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या सीमा भारताच्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसतात, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे आपल्या कायद्यानुसार दंडनीय आहे. भारताचा किंवा राज्यांचा राजकीय नकाशा हवा असेल तेव्हा तो देहरादूनच्या सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. तेथे तो विनामूल्य मिळतो, मग धोका पत्करायचा कशाला?

दुसरी सावधगिरी वर्गासमोर थेट शोध न घेण्याची. येथे प्रौढांसाठीची किंवा विचलित करणारी वैद्यकीय छायाचित्रेही नियमाने ठेवलेली असतात आणि शरीराशी संबंधित निरुपद्रवी शब्दाच्या निकालांतही ती डोके वर काढतात. चित्रे आदल्या दिवशी निवडून पेनड्राइव्हवर घ्यावीत, हे इंटरनेटच्या भरवशाचा विचार करतानाही श्रेयस्कर. उतरवताना मूळ आकाराची फाईल घेण्याचा मोह टाळावा. प्रत्येक चित्र लहान-मोठ्या आकारांत उपलब्ध असते आणि प्रोजेक्टरला मध्यम आकार सहज पुरतो. चित्रफिती ‘वेबएम’ किंवा ‘ऑग’ प्रकारात असतात, त्यामुळे जुन्या संगणकावर आधी ‘व्हीएलसी’ ही चित्रफिती दाखवणारी प्रणाली घालून ठेवावी.

परवान्यांचा भाग अनेकांना किचकट वाटतो, पण तो तितका किचकट नाही. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या वापराला सवलत आहे, म्हणून केवळ वर्गात दाखवण्यापुरता प्रश्न फारसा उद्भवत नाही. तो उद्भवतो ते आपण तोच पाठ यूट्यूबवर टाकतो किंवा तेच चित्र शाळेच्या स्मरणिकेत छापतो तेव्हा. कॉमन्सवरील चित्रांचा व्यावसायिक वापरही चालतो, कारण तो न चालणारे चित्र तेथे स्वीकारलेच जात नाही. बहुतेक चित्रांना अट असते ती छायाचित्रकाराचे नाव आणि परवाना देण्याची, आणि ती ओळ डाउनलोडच्या खिडकीतच तयार मिळते. ‘सीसी बाय-एसए’ असे लिहिलेले चित्र बदलून प्रसिद्ध केले तर बदललेले चित्रही त्याच परवान्याने खुले ठेवावे लागते, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

केवळ छायाचित्रे पुरेशी नसतील तेथे इतर साधने जोडून घ्यावीत. विद्युत परिपथ किंवा लंबक शिकवताना कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील हलत्या प्रतिकृती, ज्यांपैकी अनेक मराठीतही आहेत, स्थिर चित्रापेक्षा कितीतरी सरस ठरतात. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमधून उघडणारे ‘दीक्षा’चे साहित्य अभ्यासक्रमाला धरून असते, ही त्याची जमेची बाजू; पण त्यात तयार पाठ मिळतो, आपल्या पद्धतीने पाठ बांधण्यासाठी सुटे चित्र मिळत नाही. पहिली-दुसरीच्या शिक्षकांना, ज्यांना रंगीत रेखाचित्रे आणि बडबडगीते हवी असतात, कॉमन्सवर वेळ घालवण्याची शिफारस मी करणार नाही. त्यांच्यासाठी दीक्षा आणि बालभारतीची ई-पुस्तके अधिक सोयीची आहेत. पाचवीपासून पुढे इतिहास, भूगोल आणि विज्ञान शिकवणाऱ्यांनी मात्र हे भांडार हाताशी ठेवावे, आणि ज्यांच्या गावात अजून पाभर किंवा उखळ वापरात आहे त्यांनी त्याचे स्वतः काढलेले छायाचित्र मराठी नावासह तेथे चढवावे. त्यासाठी फक्त एक विनामूल्य खाते लागते. पाठ्यपुस्तकातील चित्रे किंवा विद्यार्थ्यांचे चेहरे दिसणारी छायाचित्रे तेवढी त्यात नसावीत.