म्यूझस्कोर ४ : ऑर्केस्ट्राच्या कॉर्डसाठी कितपत कामाचं?

सुरेश भट सभागृह असो की वसंतराव देशपांडे, हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम म्हटला की कॉर्डचे (एकत्र वाजवायच्या सुरांच्या गुच्छांचे) कागद आदल्या रात्रीच तयार होतात. गायकाची पट्टी शेवटच्या तालमीत बदलते. कीबोर्डवाल्याच्या वहीत एक कॉर्ड असतो, गिटारवाल्याच्या वहीत दुसराच. नागपुरातल्या अशा ग्रुपना म्यूझस्कोर, म्हणजे संगणकावर स्वरलिपी (नोटेशन) लिहायचा प्रोग्राम, कितपत उपयोगी आहे, एवढंच इथे पाहू. नोटेशनच्या बाकी पसाऱ्यात शिरत नाही.

आधी पैशाचं. हा प्रोग्राम फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याच नावाच्या संकेतस्थळावरून तयार स्वरलिपी उतरवून घ्यायला बऱ्याचदा वर्गणी पडते. प्रोग्रामला ती लागत नाही. म्यूझ साउंड्स या वेगळ्या उतरवायच्या संचातले वाद्यांचे जड आवाजही कॉर्डच्या कामाला नकोत, जुन्या लॅपटॉपवर मूळचा पियानो पुरतो.

कॉर्ड टाकायला सूर किंवा विराम निवडून कंट्रोल-के दाबायचं, अक्षरं टाइप करायची आणि स्पेसने पुढच्या ठिकाणी जायचं. टॅबने पुढचा बार, म्हणजे मात्रांचा पुढचा गट, येतो. कॉर्ड अर्धी मात्रा आधी पडत असेल, तर कंट्रोल धरून ४ दाबा, कर्सर आठव्या भागाने सरकतो. मराठी शब्दांसोबत काम करणाऱ्यांची गाडी अडते ती इथेच: गाण्याचे बोल टाकून झाले, कीबोर्ड मराठीवरच राहिला आणि कॉर्डच्या जागी देवनागरी अक्षर उमटलं. ओळखू न आलेला कॉर्ड टाइप करतानाच लाल दिसतो. लाल दिसला की विंडोज-स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा आणि पुन्हा लिहा.

पण लाल दिसला नाही म्हणजे कॉर्ड बरोबर, असंही नाही. सी नाइन आणि सी अ‍ॅड नाइन दोन्ही काळ्या रंगात उभे राहतात. सी नाइनमध्ये सी, ई, जी, डीसोबत बी फ्लॅटही येतो. अ‍ॅड नाइनमध्ये तो नसतो. भावगीताच्या शेवटच्या कॉर्डला चुकून नुसतं नाइन लिहिलं तर तो बी फ्लॅट कानाला टोचतो आणि शिव्या कीबोर्डवाल्याला पडतात. दुसरी गफलत ओ आणि शून्याची. सीनंतर इंग्रजी ओ लिहिला तर डिमिनिश्डचं गोल येतं, आकड्यातला शून्य लिहिला तर हाफ डिमिनिश्डचं आडवी रेघ मारलेलं गोल. सातवा जोडला की फरक सरळ ऐकू येतो: पहिल्यात सी, ई फ्लॅट, जी फ्लॅट आणि वर ए, दुसऱ्यात वर बी फ्लॅट. मेजर सेव्हनचा त्रिकोण हवा असेल तर टी किंवा टोपीचं चिन्ह. घाईत एकानं त्रिकोण काढायचा आणि दुसऱ्यानं मेज लिहायचं, हे टाळा. ग्रुपमध्ये एकच पद्धत ठरवा.

म्हणून वाजवून ऐकणं ही या प्रोग्रामची खरी कमाई. ही सोय २०२० मध्ये ३.५ आवृत्तीत आली. कॉर्ड निवडला की प्रॉपर्टीजमध्ये तीन गोष्टी दिसतात: अर्थ कसा लावायचा, सूर कसे रचायचे, किती वेळ वाजवायचं. अर्थ लिटरल (लिहिलं तसाच) ठेवा. जॅझ ठेवलं तर लिहिलेल्यापेक्षा वेगळे सूर कॉर्डमध्ये शिरू शकतात आणि तपासणीचा हेतूच बुडतो. रचनेत ऑटो, फक्त मूळ सूर, क्लोज, ड्रॉप टू, तीन, चार किंवा सहा सुरांचे पर्याय आहेत. तालमीला क्लोज, म्हणजे सूर एकमेकांजवळ ठेवणारा, बरा. एकेक कॉर्ड बदलत बसू नका: एकावर राइट क्लिक, सिलेक्ट, सारखे घटक निवडा, आणि सगळ्यांना एकदम लावा. मिक्सरमध्ये, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या खिडकीत, कॉर्डचा चॅनेल वेगळा असतो, त्यामुळे धून कमी करून नुसते कॉर्ड ऐकता येतात.

दिसण्याची मुखत्यारी मात्र चांगली दिली आहे. फॉरमॅट, स्टाइल, कॉर्ड सिम्बॉल्स इथे स्टँडर्ड, जॅझ आणि कस्टम असे मार्ग आहेत. कस्टममध्ये स्वतःची एक्सएमएल फाइल लावता येते: चिन्ह ओळखण्याची नावं आणि ते कागदावर कसं काढायचं, दोन्ही तिच्यात असतात. मूळ फाइलला हात लावू नका, नव्या आवृत्तीसोबत ती बदलली जाते. तिची प्रत काढून तिच्यात फेरफार करा. सगळ्यांनी या भानगडीत पडायची गरज नाही. एक्स्टेन्शनचं (कॉर्डच्या नावाला जोडलेल्या सात, नऊसारख्या आकड्यांचं) प्रमाण आणि उंची एवढ्या दोनच आकड्यांनी बहुतेकांचं भागतं. स्टँडवर लांबून वाचायचा कागद असेल तर वर चढवलेला छोटा सात दिसत नाही. प्रमाण वाढवा, कॉर्डचा फाँट १४ च्या आसपास न्या, आणि ही स्टाइल एमएसएस फाइल म्हणून जतन करा. पुढच्या गाण्याला ती लोड केली की झालं.

पट्टी बदलताना टूल्समधलं ट्रान्सपोज वापरा आणि त्यातल्या कॉर्ड सिम्बॉलच्या चौकटीत खूण आहे ना, ते पाहा. नुसती निवड करून बाणाची कळ दाबली तर सूर वर जातात, कॉर्ड जिथल्या तिथे. काळी एकला नेताना सी शार्प आणि डी फ्लॅट या एकाच सुराच्या दोन नावांपैकी डी फ्लॅट निवडा: पाच फ्लॅट वाचणं सात शार्पपेक्षा सोपं, आणि ई शार्पसारखे कॉर्ड कागदावर येत नाहीत. गिटारसाठी कॉर्ड सिम्बॉल्सच्या त्याच स्टाइलच्या पानावर कॅपोचा (गिटारच्या मानेवर लावायच्या चिमट्याचा) आकडा आहे. गाणं काळी दोनमध्ये, ई फ्लॅट लिहिलेलं, आणि कॅपो ३ भरला की शेजारी कंसात सी येतो. कीबोर्डवाला बाहेरचा वाचतो, गिटारवाला कंसातला. एकाच कागदात दोघांचं भागतं. नुसत्या या सोयीसाठीसुद्धा प्रोग्राम ठेवायला हरकत नाही.

आता उणं. कॉर्डची नावं लिहायच्या पद्धतींच्या यादीत जर्मन आहे, फ्रेंच आहे, सॉल्फेजिओ (दो रे मी) आहे. सा रे ग नाही. हार्मोनियमवरून आलेल्या वादकाला पट्टीनिरपेक्ष कागद हवा असेल तर नॅशव्हिल नंबर, म्हणजे कॉर्ड आकड्यांत लिहायची पद्धत, वापरा: सा ला १, म ला ४, प ला ५. जर्मन चुकूनही निवडू नका, बीच्या जागी एच दिसेल आणि तालमीत अर्धा तास वाद होईल.

मोठी तक्रार वेगळी. स्वतःचा कॉर्डप्रकार, म्हणजे 'हे नाव दिसलं की नेमके हेच सूर वाजव', असं खिडकीतून शिकवायची सोय नाही. एखाद्या गाण्यात सा-म-प-नि असा खास गुच्छ लागत असेल तर तो चिन्हातून अचूक वाजेलच असं नाही. अशा ठिकाणी त्या कॉर्डचा प्लेचा टिकमार्क काढा, खालच्या स्टाफवर (पाच रेघांच्या ओळीवर) सूर हातानं लिहा, चिन्ह नुसतं वाचायला राहू द्या. चार-दोन जागांना हे चालतं, पण अख्खं गाणं तसं असेल तर वैताग येतो. आणि ज्यांना स्वरलिपी नकोच, फक्त कॉर्ड आणि मागे ताल हवा, त्यांनी फोनवरचं आयरिअल प्रो हे अ‍ॅप पाहावं. म्यूझस्कोर त्यांच्यासाठी विनाकारण लांबचा रस्ता आहे.