गारगोटी संग्रहालय, सिन्नर : एका बोअरवाल्याचा अनुभव

बोअरची गाडी चालवून मला २३ वर्षं झाली. आमच्या सिन्नर-निफाडकडं काळा पाषाण फोडता फोडता चुऱ्यात पांढरे चकचकीत कण वर येतात. ‘मांजऱ्या लागला’ म्हणायचं नि पुढचा रॉड जोडायचा, एवढंच ठाऊक. माळेगाव एमआयडीसीतल्या गारगोटी संग्रहालयात तेच कण अखंड, मोठाले, काचेमागे बघितले आणि पाय हलेनात.

स्टिल्बाइट नावाचं खनिज तर मधोमध आवळून बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखं दिसतं. स्कोलेसाइटच्या सुया, वाघोलीकडचं निळंशार कॅव्हन्साइटही बघाच. मी मात्र सगळ्यात जास्त थांबलो कॅल्साइटपाशी. भाची सोबत होती, भूशास्त्रात एम.एस्सी. करते. म्हणाली, “मामा, हा दगडात कोंडलेला कार्बन आहे.”

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजला, त्यात वायूचे बुडबुडे राहिले. पुढं भूजल झिरपत गेलं आणि त्या पोकळ्या खनिजांनी भरल्या. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड नि खडकातलं कॅल्शियम एकत्र आलं की कॅल्साइट. आइसलंडमध्ये कार्बफिक्स नावाच्या प्रकल्पवाल्यांनी २०१२ साली हेच मुद्दाम केलं. कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणासारख्या खडकात सोडला, तर दोन वर्षांच्या आत त्यातल्या ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला.

घरी आल्यावर भाचीनं माझ्या गाडीवरच्या चुऱ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. काही कण तसेच राहिले, काही फसफसले. तो फेस म्हणजे तोच वायू, पुन्हा मोकळा झालेला. अंगावर काटा आला.

पण एक टन वायू असा दगडात कोंडायला तिकडं आइसलंडमध्ये २५ टनांच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर! उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या पूर्व भागात हे पाणी आणायचं कुठून? समुद्राचं पाणी वापरायचे प्रयोगही झालेत, ते मला जास्त पटतं. आपल्याकडं कधी करायचं ठरलं, तर आधी कुठल्या थरातलं पाणी कुठल्या विहिरीला जातं ते शोधा. प्यायच्या पाण्याच्या थराला हात लावू नका.

संग्रहालयाला पाचपैकी पाच. घाईत जाऊ नका, अर्धा दिवस हातात ठेवा. शाळेतली पोरं असतील तर न्याच.

आता प्रत्येक बोअरला कॅल्साइट किती फुटांवर लागलं ते वहीत लिहितो. मागच्या आठवड्यात १८० फुटांवर लागलं. पोकळ्या गच्च भरलेल्या होत्या, पाण्याला वाटच नव्हती. पाणी लागलं ते खाली, २४० फुटांवर.