म्युझिकल थिएटरसाठी रफ व्होकल इफेक्ट्सचा ऑनलाइन कोर्स: ५ पैकी ४ स्टार

ग्राउल (गुरगुर), डिस्टॉर्शन (खरखर), क्रीक (दाराच्या करकरीसारखा आवाज), किंचाळी हे सगळं म्युझिकल थिएटरच्या गाण्यात कसं वापरायचं याचा एक ऑनलाइन कोर्स नुकताच संपवला. रेकॉर्डेड व्हिडिओ आणि दर आठवड्याला एक लाइव्ह सेशन असा फॉरमॅट आहे. करावा की नाही असं बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय.

मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे इफेक्टला हात लावायच्या आधी ते स्वच्छ सूर मागतात. जो सूर साध्या आवाजात, मान न ताणता धरता येत नाही त्याच्यावर खरखर चढवायचीच नाही. आणि त्याची टेस्ट पण सोपी आहे, एकच सूर धरायचा, आधी साधा, मग खरखरीत, मग परत साधा, सगळं एका श्वासात. परत साध्यावर येताना आवाज चिरकला किंवा त्यात हवा मिसळायला लागली तर खालचे स्वरतंतू दाबले जातायत असं समजायचं आणि त्या दिवशी तिथेच थांबायचं. याआधी मी एका वर्कशॉपला बसले होते तिथे घसा जळजळला की 'होईल सवय' म्हणायचे, आणि माझा आवाज नंतर कितीतरी दिवस बसलेला होता, त्यामुळे इथे पहिल्याच व्हिडिओत दुखणं, टोचणं, खोकला येणं म्हणजे लगेच बंद हे स्पष्ट सांगितलेलं ऐकून फार बरं वाटलं.

आवाज नेमका कुठून येतो हे पण छान समजावलंय. स्वरतंतूंच्या वर अजून एक जोडी असते, फॉल्स फोल्ड्स, डिस्टॉर्शनमध्ये ती थरथरते. ग्राउलमध्ये त्याच्याही वर, एपिग्लॉटिसजवळच्या (श्वासनलिकेवर झाकणासारखा असतो तो भाग) घड्या थरथरतात. क्रीक मात्र खऱ्या स्वरतंतूंचाच अनियमित आवाज, तिथे हवेचा दाब कमी लागतो. ही विभागणी बरीचशी डॅनिश गायनशिक्षिका कॅथरीन सॅडोलिन यांच्या कम्प्लीट व्होकल टेक्निक या गायनपद्धतीच्या वळणाची आहे. इफेक्ट बंद करायला मात्र अमेरिकन गायिका आणि आवाजाच्या अभ्यासक जो एस्टिल (Jo Estill) यांच्या पद्धतीतला व्यायाम घेतलाय: आवाज न काढता आतल्या आत हसायचं की फॉल्स फोल्ड्स बाजूला होतात आणि घसा मोकळा वाटतो. मी आता प्रत्येक खरखरीत ओळीनंतर श्वास घेताना तो करते.

पण कोर्सचा खरा जीव अभिनयाच्या भागात आहे! लाइव्ह सेशनला एका मुलाने भांडणाच्या सीनमधली 'मला जाऊ दे' अशी ओळ गायली, अथपासून इतिपर्यंत डिस्टॉर्शन. ऐकायला जोरदार होतं पण माणूस कुठेच दिसत नव्हता. टीचरनी त्याला विचारलं, या माणसाचा ताबा नेमका कुठे सुटतो? मग फक्त 'जाऊ' मधल्या 'जा'वर खरखर ठेवायला लावली आणि 'दे' एकदम साधं, जवळजवळ बोलल्यासारखं. काय फरक पडला सांगू, आधी राग होता आता विनवणी झाली, आणि घशाला काम पण कितीतरी कमी! मग त्यांनी उलटं करून दाखवलं, सुरुवात साधी आणि शेवटच्या 'दे'वर नुसता क्रीक, तर तोच माणूस हरलेला वाटायला लागला.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला, लंडनच्या वेस्ट एंडला आठवड्याला साधारण ८ शो असतात, त्यामुळे एकदा जमलं यापेक्षा रोज जमेल का हा हिशोब महत्त्वाचा, आणि तो इथे नीट शिकवलाय. रिहर्सलला प्रत्येक वेळी फुल इफेक्ट द्यायचा नाही, जागा नुसती मार्क करून, म्हणजे हलक्या आवाजात दाखवून, पुढे जायचं. मोठ्याने गायचीही गरज नाही कारण माइक असतोच आणि मध्यम आवाजातली खरखर स्पीकरवर पुरेशी भयानक ऐकू येते. साउंडवाल्यांना त्या जागा आधी सांगून ठेवा हे पण सांगितलंय, एरवी कोणी सांगत नाही.

आता एक स्टार का कापला. ग्राउलचा धडा अक्षरशः उरकलाय, दोन डेमो आणि थेट गाणं, तिथे मला लाइव्ह सेशनमध्ये वेगळं विचारावं लागलं. आणि डेमो जवळजवळ सगळे पुरुषी रेंजमधले, बायकांच्या वरच्या बेल्टमध्ये (वरच्या सुरात लावलेला जोरकस, खुला आवाज) हेच करताना कसं वाटतं ते फारसं नाहीये, हे खटकलं कारण तिथेच सगळ्यात जास्त प्रश्न पडतात. फीडबॅक पण लाइव्हलाच मिळतो, रेकॉर्डिंग पाठवून ऐकवायची सोय नाही.

ज्यांना बेल्ट बऱ्यापैकी जमलाय त्यांनी हा कोर्स डोळे झाकून घ्या. ज्यांनी गायला नुकतीच सुरुवात केलीय त्यांनी आधी कोणाकडे तरी साधं गाणं पक्कं करा, इथे ते शिकवत नाहीत. आणि आवाज तीनेक आठवडे बसलेलाच असेल तर कोर्सचे पैसे भरायच्या आधी ईएनटीकडे जाऊन दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्या, घरी बसून व्हिडिओ बघत खरखरीची प्रॅक्टिस अजिबात करू नका.