खिडकीसाठी कुठली गाडी घ्यावी?

समजा, दोन शहरांमध्ये दोन रेल्वेमार्ग आहेत. एक नवा, ताशी ३०० किलोमीटरचा. दुसरा जुना, नदीच्या कडेकडेने वळणं घेत जाणारा. बाहेरचं बघत जायचंय म्हटलं की बहुतेक जण विचार न करता सांगतात, 'मग जुन्यानेच जा.' मला हे अर्धंच पटतं.

ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. रुळांपासून वीस मीटरवरचं झाड या वेगात नजरेला सापडतच नाही, नुसता हिरवा पट्टा सरकत राहतो. ते पकडायला गेलं की डोळे सारखे हिसके खातात आणि थोड्या वेळाने डोकं जड होतं. पण किलोमीटरभर लांबचं गाव त्याच वेगात सावकाश मागे जातं, आणि दहा-पंधरा किलोमीटरवरचा डोंगर तर हलल्यासारखाही वाटत नाही. 'दुरून डोंगर साजरे' हे आपण टोमणा म्हणून म्हणतो. हाय-स्पीड गाडीत ते शब्दशः खरं आहे. उलट ताशी ८० च्या गाडीतून फाटकाशी एक पाय टेकून थांबलेला सायकलवाला दिसतो, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी दिसतात. त्यामुळे वेग किती हे मी नंतर बघतो. त्या वाटेवर बघण्यासारखं जे आहे ते रुळांजवळ आहे की लांब, हे आधी.

जवळचं असेल तर जुनी वाट, आणि याचं सगळ्यात चोख उदाहरण जर्मनीतलं, कोलोन ते फ्रँकफर्ट. नवा मार्ग २००२ साली सुरू झाला. तो बराचसा मोटारींच्या महामार्गाला चिकटून, खोदलेल्या खाचांतून आणि बोगद्यांतून जातो. प्रवास साधारण सव्वा तासाचा. जुना मार्ग ऱ्हाईनच्या काठाने जातो आणि दुपटीच्या आसपास वेळ घेतो. पण कोब्लेन्झ ते बिंगेन या टप्प्यात गाडी नदीला इतकी बिलगून चालते की मालवाहू बोटीच्या टपावर ठेवलेली मोटारसुद्धा दिसते. वर उतारावर द्राक्षमळे आणि थोड्या थोड्या अंतराने किल्ले. हे खोरं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं तेही २००२ सालीच. कोलोनहून निघालात तर डावीकडे बसा, नदी त्या बाजूला आहे. आणखी एक गंमत: जुन्या मार्गाची वळणं घट्ट असल्यामुळे आपल्याच गाडीचे पुढचे डबे खिडकीतून दिसतात. ताशी ३०० च्या रुळांना चार-चार किलोमीटर त्रिज्येची वळणं लागतात, तिथे हे सुख नाही.

स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स ओलांडणाऱ्या गॉटहार्डच्या वाटेचा निकाल तर एका ओळीचा. २०१६ साली उघडलेला ५७ किलोमीटरचा बोगदा म्हणजे सतरा-वीस मिनिटं काचेत स्वतःचाच चेहरा. १८८२ च्या जुन्या घाटमार्गावर गाडी डोंगराच्या पोटात गिरक्या घेत चढते. वासेन गावचं चर्च आधी डोक्यावर दिसतं, मग समोर, मग पायाखाली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नव्या बोगद्यात मालगाडी घसरली आणि बऱ्याच प्रवासी गाड्या कित्येक महिने वरच्या जुन्या मार्गाने वळवाव्या लागल्या. वेळापत्रक कोलमडलं, पण खिडकीवाल्यांची चंगळ झाली असणार.

आता उलटं. फुजी पर्वत बघायचा तर मी शिंकान्सेनच, म्हणजे जपानची बुलेट ट्रेनच घेईन. ३,७७६ मीटरचा एकटा उभा डोंगर गाडीच्या वेगाला दाद देत नाही. टोकियोहून क्योटोकडे जाताना उजवीकडची 'ई' सीट घ्यायची आणि पाऊण तासाच्या सुमाराला मोबाइल खाली ठेवायचा. आधी कारखान्यांच्या चिमण्या आणि विजेच्या तारा मध्ये येतात. मग शिन-फुजी स्टेशन मागे पडतं आणि फुजी नदीवरचा पूल येतो. तो १,३७३ मीटर लांब आहे, म्हणजे मोकळं दृश्य अठरा-वीस सेकंदांचं. कमी वाटतं, पण समोर आडवं काहीच नसलेले ते अठरा सेकंद पुरतात. अर्थात ढग नसतील तर. हिवाळ्यातली सकाळ त्यातल्या त्यात भरवशाची. तिथला जुना मार्गही जवळूनच जातो आणि युईच्या आसपास तर थेट समुद्राकाठी, जिथे शिंकान्सेन बोगद्यात असते. पण त्यावरच्या पुष्कळ लोकल गाड्यांत भिंतीला लावलेले लांब बाक आहेत. फुजी पाठीशी आणि समोर झोपलेला सहप्रवासी. म्हणून जुनी ती निसर्गरम्य असं डोळे मिटून धरू नका.

पॅरिस–लियोंबद्दलही मी वेगाच्या बाजूने आहे. १९८१ च्या या मार्गावर एकही बोगदा नाही. डोंगर फोडण्याऐवजी रूळ सरळ टेकड्यांवर चढवले. चढ हजार मीटरला ३५ मीटरपर्यंत. माथ्यावरून उतरताना पोटात हलकासा गोळा येतो आणि पुढे कुरणांचा पट्टा क्षितिजापर्यंत उलगडतो. दुमजली टीजीव्हीत, म्हणजे फ्रान्सच्या हाय-स्पीड गाडीत, वरचा मजला मिळाला तर सोडू नका. खालच्या मजल्याच्या नजरेला आवाज अडवणाऱ्या भिंती आणि बांध आडवे येतात. तीच गाडी मार्सेयच्या पुढे नीसपर्यंत नेली तर दोन्ही गोष्टी एका तिकिटात मिळतात. हाय-स्पीड रूळ मार्सेयजवळ संपतात, पुढे गाडी जुन्या रुळांवर निमूट हळू चालते, आणि सेंट-राफाएल ते कान या टप्प्यात उजव्या खिडकीत एस्तरेल डोंगरांचे लाल खडक आणि खाली समुद्र.

मार्ग ठरला तरी सीट चुकली की सगळं मुसळ केरात. एकदा मला 'खिडकीची' म्हणून मिळालेल्या सीटशेजारी दोन खिडक्यांमधला पत्रा होता. पुढच्या माणसाच्या कानामागून वीतभर फटीतून बघत गेलो. तेव्हापासून आरक्षणाआधी डब्याचा नकाशा बघतो. फोटोंचा नाद मात्र सोडला. मोबाइलमध्ये जवळचे खांब तिरपे येतात आणि काचेत आपलाच हात.

आणि कोलोन–फ्रँकफर्टला घाईच असेल, नवाच मार्ग घ्यावा लागणार असेल, तर जुन्या बनावटीच्या आयसीई ३ या जर्मन हाय-स्पीड गाड्यांत टोकाच्या डब्यात चालकाच्या मागे काही सीट असतात. मध्ये फक्त काच, त्यामुळे समोरून रूळ अंगावर येताना दिसतात, आणि पुढे बघत असल्यामुळे डोळ्यांना हिसकेही बसत नाहीत. फक्त ती काच चालक बटण दाबून दुधाळ करू शकतो.