ड्रग झार की इबोला झार?

निबंधासाठी अमेरिकेतला कुठला ‘झार’ (एखाद्या प्रश्नाची जबाबदारी दिलेल्या बड्या सरकारी अधिकाऱ्याचं बोलीतलं नाव) घेऊ, असं एका मैत्रिणीने विचारलंय.

नेमणूक बघ. ड्रग झारचं, म्हणजे अमली पदार्थविरोधी धोरण सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, कार्यालय १९८८ च्या कायद्याने उभं राहिलं. प्रमुखाला सिनेटची मंजुरी लागते. २०१४ मध्ये ओबामांनी रॉन क्लेन यांना मात्र थेट इबोला या साथीच्या रोगासाठी समन्वयक, म्हणजेच ‘इबोला झार’, नेमलं.

खरा फरक अधिकारात आहे. ड्रग झार इतर खात्यांची अमली पदार्थविरोधी बजेटं तपासतो, अपुरी असतील तर तसं लेखी कळवतो. क्लेन यांच्या हाती असं काही नव्हतं, सगळी भिस्त राष्ट्राध्यक्षांच्या शब्दावर. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते मोकळेही झाले.

साथीसारख्या तातडीच्या कामाला इबोलाचा नमुना घे. व्यसनासारख्या वर्षानुवर्षांच्या प्रश्नाला मात्र कायद्याचाच आधार हवा.