जावाची तारखांची लायब्ररी: हिशेबाला चोख, फॉरमॅटला तिरकी

बाहेरून आलेल्या फायलींतल्या तारखा वाचायच्या, तपासायच्या आणि रिपोर्टात छापायच्या, हे माझं रोजचं काम. त्यामुळे जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आठव्या आवृत्तीसोबत २०१४ मध्ये आलेली 'जावा डॉट टाइम' ही तारखा-वेळांची लायब्ररी मी चांगलीच राबवून घेतली आहे. पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला, ते पुढे येतंच.

जुन्या 'डेट' क्लासला तारीख देताना वर्षातून १९०० वजा करायचे आणि जानेवारीला शून्य म्हणायचं, असला कारभार होता. 'लोकलडेट'ला वर्ष, महिना, दिवस सरळ द्या. जानेवारी म्हणजे १. नुसती तारीख हवी तर 'लोकलडेट', टाइमझोनसकट वेळ हवी तर 'झोन्डडेटटाइम'. जन्मतारखेला उगाच मध्यरात्र आणि टाइमझोन चिकटायचा आणि दुसऱ्या झोनमधल्या सर्व्हरवर ती एक दिवस मागे जायची, ती कटकट इथे उरत नाही. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर फेब्रुवारीचा शेवटचा दिवस मिळतो, तेही लीप वर्ष बघून. तारखा वाचणारा-छापणारा 'डेटटाइमफॉरमॅटर' एकदा बनवून सगळ्या थ्रेडना, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांना, खुशाल वाटा. जुन्या 'सिम्पलडेटफॉरमॅट'च्या बाबतीत तसं केलं की तारखांची खिचडी ठरलेली.

आता पॅटर्नची अक्षरं, म्हणजे तारीख कशी लिहायची ते फॉरमॅटरला सांगणारी. कॅपिटल एम महिना, स्मॉल एम मिनिटं, इथवर ठीक. पण स्मॉल वायच्या जागी कॅपिटल वाय पडला की आठवड्यांवर बेतलेलं वर्ष छापलं जातं, म्हणजे तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते. २९ डिसेंबर २०२५ ही तारीख रिपोर्टात २९ डिसेंबर २०२६ होऊन बसते. वर्षातले बहुतेक दिवस दोन्ही अक्षरं एकच उत्तर देतात, म्हणून टेस्ट हिरव्या राहतात आणि ऐन वर्षअखेरीला फोन वाजतो.

माझा खरा राग मात्र वाचण्याच्या बाजूवर आहे. दिवस-महिना-वर्ष असा साधा पॅटर्न लावून ३१/०२/२०२५ वाचायला द्या. एरर नाही, वॉर्निंग नाही. हातात २८ फेब्रुवारी येते. ३२ दिला तर मात्र ओरडते! या डीफॉल्ट वागण्याचं नाव काय, तर 'स्मार्ट'. पैशांच्या नोंदीत असला शहाणपणा कुणी मागितला होता?

उपाय आहे: रिझॉल्व्हर स्टाइल, म्हणजे वाचलेल्या आकड्यांची तारीख किती काटेकोरपणे जुळवायची ती सेटिंग, 'स्ट्रिक्ट' करा. पण तेवढ्याने २८/०२/२०२५ ही धडधडीत बरोबर तारीखसुद्धा नाकारली जाते. एररमध्ये वर्ष, महिना, दिवस तिन्ही समोर दिसतात, तरी लोकलडेट बनवता येत नाही म्हणते. गोम अशी की स्मॉल वाय म्हणजे इरामधलं (इसवी सन की इसवी सनपूर्व, त्यातलं) वर्ष, आणि स्ट्रिक्टला त्यासोबत इराही लागतो. वायऐवजी चार स्मॉल यू, म्हणजे इरा न लागणारं वर्ष, लिहिले की गाडी सुरळीत. हे डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, पण अडकल्याशिवाय तिकडे कोण बघतं?

जुना कोड हलवणाऱ्यांसाठी एवढंच: डेटाबेसकडून येणाऱ्या 'एसक्यूएल डेट'वर तिला नेमक्या क्षणात बदलणारं 'टूइन्स्टंट' चालवू नका, ते एक्सेप्शनच (एररच) फेकतं. तिथे 'टूलोकलडेट' वापरा. नव्या कामाला मी दुसरं काही घेत नाही. फक्त टीममध्ये फॉरमॅटर एकाच फाइलीत, स्ट्रिक्ट आणि यू लावून ठेवलेत, आणि रिव्ह्यूत कुठे कॅपिटल वाय दिसला की कोड परत.