बधिरांध मुलासाठी घरपोच विशेष शिक्षिका : सोलापुरातील सहा महिन्यांचा अनुभव

माझ्या सात वर्षांच्या भाच्याला ऐकू येत नाही आणि त्याची दृष्टी उजेड-अंधार ओळखण्यापुरतीच आहे. त्याच्यासाठी विजापूर रोडवरील आमच्या घरी आठवड्यातून तीन दिवस शिक्षिका पाठवणारी एक खाजगी सेवा आम्ही घेतली.

पहिल्या ताईंकडे बधिरांधांच्या शिक्षणाची पदविका आणि विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, दोन्ही होते. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच शिकवले नाही. जमिनीवर त्याच्याशेजारी बसून त्यांनी आपला हात त्याच्या हाताखाली ठेवला; नको वाटले तर त्याला हात काढून घेता यावा, म्हणून. मनगटातले जाड कडे त्या कधीच बदलत नसत, कारण त्याला स्पर्शाने ओळखता येणारे तेच त्यांचे नाव होते. पुढे त्यांनी आता काय होणार हे वस्तूंच्या स्पर्शातून सांगणारी कप्प्यांची एक पेटी केली. जेवणासाठी चमचा, अंघोळीसाठी लहान मग आणि झोपेसाठी जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा, ज्याची उठावदार वीण बोटांना चटकन कळते. दोन महिन्यांनी त्याने आपणहून चमचा काढून आईच्या हातात दिला. तोवर त्याचे रडणे आम्ही हट्टच समजत होतो.

चौथ्या महिन्यात ताई रजेवर गेल्या आणि केवळ कर्णबधिरांसाठीचे प्रशिक्षण असलेल्या बाई आल्या. त्या त्याचे मनगट धरून खुणा करवून घेऊ लागल्या, पेटीतल्या वस्तूंचा क्रमही बदलला आणि आठवडाभरात तो हात मागे घेऊ लागला. तक्रार केल्यावर ‘खुणांची भाषा तीच की’ असे उत्तर मिळाले. वास्तविक कर्णबधिर मूल खुणा डोळ्यांनी वाचते आणि अंध मूल कानांवर विसंबते. या मुलाला हाताच्या टप्प्यापलीकडचे काहीच आपोआप कळत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीतही बहुविकलांगतेत बधिरांधतेचा स्वतंत्र उल्लेख आहे.

ताई परतल्या आहेत, त्यामुळे सेवा आम्ही चालू ठेवली आहे. तथापि नवीन पालकांनी नोंदणी प्रमाणपत्र मागताना पात्रता नेमकी कोणत्या दिव्यांगत्वातील आहे ते वाचावे आणि बदली शिक्षिकेला मुलाच्या खुणांची लेखी नोंद दिली जाईल, असे आधीच कबूल करून घ्यावे. शुल्क आगाऊ घेतले जाते. बदलीच्या दिवसांची वजावट दोनदा मागूनही आम्हाला मिळालेली नाही.